बाबाच्या फोनवरची बाई

२६ सप्टें.
लावलंच शेवटी. फ्रिजवर, राउटरच्या बाजूले, काडेपेटीएवढा कॉम्प्युटर. वायफायवरचा कोणताही फोन आधी याले पत्ता विचारते. जाहिरातीचा पत्ता असला की हा नाई म्हणते. विषय खतम.
कारण एकच, बाबा. शुगरच्या गोळ्या सोडून मोबाइलात दिसलेली पावडर खाऊन राह्यले. आई म्हणते, पायाच्या अंगठ्याची जखम भरतच नाई.

२८ सप्टें.
या डबीतली यादी पाहिली. कोणत्या फोननं काय मागितलं, काय अडलं, सगळं दिसते. बाबाच्या फोनच्या अडलेल्या ओळी सरकवता सरकवता बोट दुखलं. जमलं म्हणायचं!
आई चिडली. "जाहिरात पाह्यली की गेममधात एक जीव जास्त भेटे. आता मरूनच राह्यली मी."

१ ऑक्टो. खंडेनवमी.
सकाळी मिटिंगमधात नेट गेलं. पाहतो तं डबीवर हळदकुंकू, झेंडूचं फूल, अन् वायर काढलेली.
"पूजा झाली हत्याराची. आज त्याले आराम," आई म्हणते.
आता फोन विचारतील कोणाले? सगळ्या घराचं नेट बसलं. हासावं का रडावं! आईनं वायर लावू दिलीच नाई. उद्या लावीन.

४ ऑक्टो.
तीन दिवसांपासून यादीत बाबाच्या फोनची एकही ओळ नाई. खुश झालतो. मूर्ख मी.
आज त्यायच्या पिशवीत पावडरीचा नवा डबा. नेट बसलं त्या दिवशी बाबानं सिमचं नेट चालू केलं, जाहिराती परत दिसल्या, तेव्हापासून वायफाय बंदच.

५ ऑक्टो.
सकाळच्या गाडीनं बाबाले वर्ध्याले नेलं. डॉक्टरनं पट्टी सोडली. अंगठा काळा. मी पहिल्यांदाच पाह्यला.
"गोळ्या आजपासून. अंगठा वाचते का, आठ दिवसांनी सांगतो."
तरी बाबानं गोळी घेतलीच नाई. घरी भांडलो. "पोरापेक्षा डबा जवळचा काय तुमाले?" असं बोलाले नको होतं.

६ ऑक्टो.
अबोला. बाबा जेवले नाई.

७ ऑक्टो.
बाबाजवळ बसलो. म्हटलं, दाखवा तुमची जाहिरात. त्यायनं लावली. एक बाई गोड आवाजात: "काका, कसं वाटतंय आज? पाय जळतात का? झोप लागली का?"
बाबा म्हणे, "पाह्य. रोज विचारते हे. तू कवा विचारलं?"
यादी मी रोज पाहत होतो.
मंग विचारलं, "बाबा, पाय जळते काय?"
"जळते." डोळे भरले त्यायचे. माहेही.
गोळी दिली. हातात घेतली त्यायनं. मी पाण्याचा गिलास धरून बसलो. आई दारातून म्हणे, "घ्या ना जी."
गोळी अजून हातातच आहे.