एक जोड गळता ठेवा

बुधवार, ५
आलो एकदाचा स्वतःच्या घरात! दोन खोल्या, लख्ख स्वयंपाकघर, आणि टाकी टेकडीवर असल्यामुळे नळाला पाणी असं जोरात की रिकामी बादली आडवी व्हावी. ही आणि दोन महिन्यांची चिमणी रविवारी सासुरवाडीहून येतील. तोवर घर कोरडं ठणठणीत करायचं. पाइपाचे तीन जोड गळतात, पण पाना माझ्याकडेही आहे.

गुरुवार, ६
बेसिनखालचा जोड सोडवला, जुनी टेप खरवडली, नवी गुंडाळून आवळला. तो थांबला तसा पुढचा दुप्पट गळू लागला. शेजारचे प्लंबरकाका हसले. म्हणाले, या गल्लीत घरटी एक जोड गळता ठेवतात, सगळे कुणी आवळत नाही. आळसालाही रीत म्हणायची म्हणजे कमालच!

शुक्रवार, ७
उरलेले दोन्ही आवळले. टिपूस नाही. गड सर! मुकादमासारखा घरभर फिरलो. काका उंबऱ्यावरूनच बघून गेले. चेहरा उतरला होता. "एक वाट ठेव रे बाबा," म्हणाले. "कोंडलं की ते धरतं."

शनिवार, ८
पाइपात ठकठक. हवा अडकली असेल म्हणून मेन कॉक बंद केला. ठकठक थांबली नाही. गंमत म्हणून पान्याने दोनदा ठोकलं. आतूनही दोनदा. भीती वाटली, खोटं कशाला बोलू. काका गावाला गेलेत.

रविवार, ९
काकांचं ऐकतो. न्हाणीघरात शिरून सवयीने कडी लावली, तिथला जोड सैल केला. मेन बंद, तरी जोड निखळून पाणी थेट तोंडावर— भोक बोटाने दाबलं—

बोट निघत नाही. ओढलं की आतून ओढतं.

वही खिशात होती. डाव्या हाताने लिहितोय. कडीपर्यंत हात पोचत नाही. पकड मनगटाकडे सरकतेय— पाण्याला बोटं नसतात—

फाटक वाजलं. ही आली. घसा फोडून ओरडतोय, चिमणीच्या रडण्यात हिला काही ऐकू जात नाही. बाई गं, परत जा. नळाला हात लावू नकोस. ते वाट शोधतंय—

स्वयंपाकघरातून हिचा आवाज. "अहो, आधी चिमणीचे पाय धुते हं."

नळ उघडला.

सुटलं. माझं बोट सुटलं—

म्हणजे ते आता तिकडे