दोनशे बारा पायऱ्या आणि एक स्वस्त टॉर्च

आदरणीय भावजी,

तुम्हाला आणि ताईला वाकून नमस्कार. (तो मनातल्या मनात केला आहे असं समजा. गेले आठ दिवस मला वाकता येत नाही, आणि एकदा वाकलोच तर सरळ होता येत नाही. कारण पुढे येतंय.) ताईची कंबर कशी आहे? तुमचा खोकला गेला का? रंगाच्या डब्यांवर नाक धरून बसू नका, दुकानाची मागची खिडकी उघडी ठेवा, असं मी मागच्या पत्रात चार पानं भरून लिहिलं होतं. ताई म्हणाली, त्या पानांना तुम्ही ब्रश पुसलेत. हरकत नाही. विचार कुठल्या ना कुठल्या रूपानं दुकानात पोचला, एवढं मला पुरे.

इकडे माझं ठीक चाललंय. ग्रंथालयात मी दिवसभर तुम्हीच रंगवलेल्या ‘शांतता राखा’ या पाटीखाली बसतो, आणि त्या पाटीचा जाच सगळ्यांत जास्त मलाच होतो. वाचक येतात, कुजबुजतात, जातात. मी मात्र मान हलवतो. साडेपाचला कुलूप लावून बाहेर पडतो तेव्हा आठ तासांचं बोलणं माझ्या घशाशी आलेलं असतं. ते कुठंतरी बाहेर पडणारच. या वेळी ते आमच्या वसाहतीच्या सभेत पडलं.

झालं असं. आमची पाण्याची टाकी वसाहतीमागच्या टेकाडावर आहे, हे तुम्ही पाहिलंय. वर जायला दोनशे बारा पायऱ्या. टाकीच्या अंगावर एक उभी पट्टी आहे, तिच्यावर फूट आणि इंच लिहिलेत, आणि पाण्याबरोबर वरखाली होणारा एक लाल काटा आहे. वसाहतीचा नियम असा की पंप बंद झाला की रोज संध्याकाळी सात वाजता पातळी ‘प्रत्यक्ष पाहून’ वहीत लिहायची. सव्वीस वर्षं हे काम पंपवाले काका करतात. पंपघराशेजारच्या एका खोलीत ते आणि काकू राहतात. आता काकांचे गुडघे गेले. डॉक्टरांनी पायऱ्या चढायला साफ मनाई केली. लगेच अध्यक्षांनी (निवृत्त हेडमास्तर, अजूनही सभेत उशिरा येणाऱ्याला दाराशी उभं करतात) ठराव मांडला की टाकीवर आपोआप चालणारं यंत्र बसवायचं आणि एक तारखेपासून काकांना मोकळं करायचं. मोकळं! माणसाची नोकरी आणि डोक्यावरचं छप्पर एका दमात काढून घ्यायचं आणि त्याला मोकळं करणं म्हणायचं! मी उठलो. भावजी, मी त्या दिवशी जे बोललो ते तुम्ही ऐकायला हवं होतं. दीपगृहांपासून सुरुवात केली. माणसानं दूरचं पाहण्यासाठी काय काय केलं, हे मी अंधारयुगापासून थेट आपल्या जिन्यातल्या बल्बपर्यंत आणून सोडलं. शेवटी टेबलावर मूठ आपटून म्हणालो, “नियमात प्रत्यक्ष पाहा म्हटलंय, वर जाऊन पाहा असं कुठं म्हटलंय? काका खालून पाहतील! तेवढा लांब उजेड टाकणारा टॉर्च मी आणतो!” टाळ्या पडल्या. अध्यक्ष म्हणाले, “शनिवारपर्यंत आणा. शनिवारी सात वाजता खालून पातळी वाचून दाखवा. नाही जमलं तर यंत्र.”

सभा संपल्यावर काकांबरोबर एकदा वर चढून यावं, असं मला वाटलं. (सहानुभूती अंगानं अनुभवली पाहिजे, असं मी नेहमी सांगतो. यापुढे सांगणार नाही.) काका दर वीस पायऱ्यांना थांबायचे, मी दर बारा. वर पोचल्यावर काकांनी माझ्याकडे पाहिलं आणि म्हणाले, “सर, तुम्ही बसा. मी तुमच्यासाठी खाली जाऊन पाणी आणतो.” बारा पायऱ्यांना एकदा बसणाऱ्या माणसाकडे हा गुडघे गेलेला माणूस पाणी आणायला निघाला होता! तिथंच मी ठरवलं की या माणसाची खोली जाऊ द्यायची नाही.

टॉर्च हार्डवेअरच्या दुकानातून आणला, परवडणारा. खोक्यावर लिहिलं होतं ‘मारा एक किलोमीटर’. टेकाड काही तीनशे पावलांच्या पुढं नाही, म्हणजे (पाऊल मीटरभराचं धरलं तर) सातशे पावलं शिल्लक उरणार होती. पण मी खोक्यावरच्या मजकुरावर विश्वास ठेवणारा माणूस नाही. संध्याकाळी मैदानात रीतसर परीक्षा घेतली. बायकोच्या हातात एक जाड कादंबरी दिली आणि तिला पन्नास पावलांवर उभं करून मोठ्यानं वाचायला सांगितलं. पन्नासला तिनं खणखणीत वाचलं. शंभरला ती अडखळायला लागली. दीडशेला आवाज बंद. मी ओरडलो, “दिसत नाही का?” तिकडून उत्तर आलं, “दिसत नाही, पण आता गोष्ट रंगात आलीय, जरा पुढं या!” निष्कर्ष असा की उजेड भरपूर होता, पण तो सगळीकडे सांडत होता. मैदान उजळत होतं, शेजाऱ्यांच्या खिडक्या उजळत होत्या, फक्त जिथं हवा तिथं तो पोचत नव्हता. (असे वक्तेही मी पाहिलेत. बायको म्हणाली, मीही.) शिवाय दहा मिनिटांत टॉर्च तापून चहाच्या कपासारखा झाला आणि उजेड मान टाकायला लागला.

मग मी तो घेऊन कोपऱ्यावरच्या मोबाइल दुरुस्तीवाल्याकडे गेलो. हा गृहस्थ एका डोळ्याला भिंग लावून बसतो आणि दुसऱ्या डोळ्यानं गिऱ्हाइकाची कीव करतो. त्यानं टॉर्च उघडला आणि वैद्य जीभ बघतो तसा आत डोकावून पाहिलं. त्याचं म्हणणं असं की सेलमागची स्प्रिंग फार बारीक आहे, वीज तिच्यातच दमते. म्हणून स्प्रिंगच्या आतून तांब्याची जाड तार सोल्डर करायची. एलईडीच्या पत्र्याखाली उष्णता ओढून घेणारा लेप कंपनीनं नुसता दाखवायला लावलाय, तो नीट भरायचा. आणि मुख्य म्हणजे एलईडीवर जो पारदर्शक घुमट असतो तो ब्लेडनं कापून काढायचा, म्हणजे उजेड पसरायचा थांबून एका रेषेत जातो. मी म्हटलं, हे शेवटचं मी करतो. (मूलभूत परिवर्तन स्वतःच्या हातानं करावं.) पहिला घुमट मी उपटला, तेव्हा त्याच्याबरोबर खालचा पिवळा थरही आला आणि टॉर्चमधून असा निळा उजेड पडायला लागला की दुकानातली सगळी माणसं बुडालेली दिसायला लागली. दुसरा एलईडी बसवला. यावर मी ब्लेड टेकवताना दुरुस्तीवाला म्हणाला, “सर, आता बोलू नका. तुम्ही बोललात की हात हलतो.” भावजी, अकरा मिनिटं मी बोललो नाही. घुमट स्वच्छ निघाला.

शुक्रवारी संध्याकाळी पंपघरापाशी उभं राहून कळ दाबली आणि टेकाडावरच्या टाकीवर ताटाएवढा पांढराशुभ्र गोल जाऊन बसला. कबुतरं उडाली. पट्टी लख्ख उजळली. काकूंनी खोलीतून बाहेर येऊन हात जोडले. मी घरी येऊन शनिवारच्या भाषणाचे मुद्दे काढले.

शनिवारी सगळी वसाहत जमली. मी वीस मिनिटं बोललो (त्यातली सहा टाळ्यांची धरा) आणि टॉर्च लावला. टाकी उजळली, “वा!” झालं. अध्यक्ष म्हणाले, “छान. वाचा आता.” मी पाहिलं. पट्टी होती. काटाही असावा. आकडे मात्र मुंग्यांच्या रांगेसारखे, एकही ओळखू येईना. तेवढ्यात माझ्या शेजारून काका शांतपणे म्हणाले, “तीन फूट चार इंच.” अध्यक्षांनी खजिनदारांना खात्री करायला वर पाठवलं. मी त्यांच्या वाटेवर टॉर्च धरला आणि लोकांकडे तोंड करून पुढचा मुद्दा घेतला. थोड्या वेळानं वरून आवाज आला, “बरोबर! तीन-चार!” भावजी, मला खांद्यावर घेणार होते, माझं वजन पाहून नुसते हात मिळवले.

लोक पांगल्यावर मी काकांना विचारलं, “तुमची नजर एवढी तेज?” काका म्हणाले, “छे हो सर. मला तर टाकीच धुरकट दिसते. पाणी वर चढलं की पंपाचा आवाज जड होतो. आज पावणेसहालाच जड झाला. म्हणजे तीनच्या वर.” आणि दुसऱ्या दिवशी भर उन्हात, भाजी घेऊन येताना, बायकोनं पंपघरापाशी पिशवी खाली ठेवली आणि टेकाडाकडे बोट केलं. “अहो, आता वाचा बघू.” एकही आकडा दिसेना. लक्षात आलं का? ते आकडे खालून दिवसासुद्धा वाचता येत नाहीत! मी आठ दिवस ज्या उजेडामागे लागलो होतो तो सूर्याकडे आधीपासून होता, आणि सूर्याचाही उपयोग होत नव्हता. सूर्याला काही मी तांब्याची तार सोल्डर करू शकत नव्हतो.

मला खोटं सहन होत नाही, हे तुम्ही जाणता. सोमवारी सकाळी मी अध्यक्षांच्या घरी गेलो. ते कुंड्यांना पाणी घालत होते. मी सत्यापासून सुरुवात केली, सव्वीस वर्षांच्या कानाचं मोल सांगितलं, माणसाला काढून यंत्र आणणाऱ्या काळाला जाब विचारला, आणि शेवटी सगळं कबूल केलं. अध्यक्ष म्हणाले, “बसा. चाळीस मिनिटं झाली, तुमचा चहा गार झाला. मला माहीत आहे. खजिनदार तिसाव्या पायरीवर बसून राहिले आणि तिथूनच ‘बरोबर’ म्हणून ओरडले. तुमच्याच टॉर्चच्या उजेडात स्वच्छ दिसत होते. सगळ्यांनी पाहिलं. तुमची पाठ होती.”

मी गप्प बसलो. (हो. दुसऱ्यांदा.) ते पुढे म्हणाले, “रात्रभर विचार केला. यंत्र वर बसवायचं. ते बिघडलं तर बघायला वर कोण जाणार? खजिनदार? मी? माझा डावा गुडघा काकांच्या उजव्यापेक्षा वाईट आहे.” आणि त्यांनी निर्णय दिला. काका राहतील, खोलीही राहील. अट एकच. एक तारखेला अध्यक्ष स्वतः पंपघरापाशी उभे राहून टॉर्चच्या उजेडात पातळी वाचणार. त्यांना वाचता आली तर यंत्राचा ठराव फाडायचा. नाही आली तर तो तसाच राहील.

असं सगळं आहे. काकू रोज पंपघराचा ओटा पुसतात आणि मी दिसलो की उठून उभ्या राहतात. मी त्यांना शब्द दिलाय.

ताईला सांगा, मी रोज गरम पाण्यानं पाय शेकतो. मुलांना आशीर्वाद.

तुमचा मेहुणा

ता. क. एक गोष्ट लिहायची राहिली. पट्टीवरचे आकडे हातभर उंच आणि काळ्यावर पांढरे असे रंगवले, आणि काटा परातीएवढा केला, तर खालून वाचता येतील, असं दुरुस्तीवाला म्हणतो. असे आकडे उन्हापावसात टिकतील असे रंगवणारा माणूस माझ्या ओळखीत एकच आहे. एक तारखेला नऊ दिवस आहेत. पक्का रंग, मोठे ब्रश आणि दोन दिवसांचे कपडे घेऊन या.

ता. क. बायको म्हणते, हे पहिल्याच ओळीत लिहिलं असतं तर पोस्टकार्डात मावलं असतं. मी तिला म्हटलं, भावजींना पार्श्वभूमी नको का?

ता. क. पायऱ्यांचं मनावर घेऊ नका. काका म्हणतात, रंगाचे डबे दोरीनं वर ओढता येतील. माणसाला ओढता येत नाही, पण तुम्ही चढत असताना मी खाली उभा राहून सबंध वेळ टॉर्च धरीन. बोलणार नाही.