चिंधीवर आलेलं

१४ ऑक्टोबर
मोन्टानात पहिला दिवस, आणि कामही मनासारखं. गॉर्डीचं बंदुकांचं दुकान लहान, पण शेगडी झकास. तांबड्या दाढीचा हा माणूस दिवसभर कॉफी पितो आणि मलाही पाजतो. जुन्या रायफली मी तपासायच्या, बऱ्या वाटल्या तर दस्त्याला बांधलेल्या चिठ्ठीवर सही करायची. पहिलीच एका म्हातारीने आणलेली, मेलेल्या नवऱ्याची. गोळी चढवायचा बोल्ट सुरेख सरकतो, दस्त्याला तडा नाही, नळीतल्या खाचा ठसठशीत. शाळेची बस चालवणाऱ्या आर्डिसला एल्कच्या, म्हणजे इथल्या थोरल्या हरणाच्या, शिकारीला हीच हवी आहे. एक एल्क मिळाला की तिच्या घरची हिवाळाभराची मटणाची सोय होते.

१६ ऑक्टोबर
नळी आतून चिंधीने पुसली. चिंधी आधी काळी, मग हिरवट, मग पांढरी यायला हवी. आली पिवळी, चरबीने माखलेली. वास पोट फुटलेल्या जनावराचा. गॉर्डी म्हणाला, नाक धू आधी, बंदूक राहू दे. मग म्हातारीच्या नवऱ्याबद्दल सांगितलं: जनावर जखमी झालं की त्याच्या मागावर जायचा त्याला कंटाळा. शिंगं मोठी असली तरच टेकडी उतरायचा, बाकीची रानात कुठेतरी तडफडून मरायची. असल्या माणसाची मला शिसारी येते. त्याच्या बंदुकीला हात लावला की हात धुवावेसे वाटतात.

१९ ऑक्टोबर
सहा वेळा पुसली. सहाव्या चिंधीवर केस आणि आतड्याचा बुळबुळीत पापुद्रा. बॅटरी धरून पाहिलं तर नळी लख्ख. गॉर्डी म्हणतो, नापास कशावर करणार, वासावर? आर्डिसला नवी परवडत नाही, तिचा हंगाम घालवू नकोस.

२४ ऑक्टोबर
सही केली. नोकरी नवी, वाद नको म्हणून केली. आर्डिसने दोन्ही हातांनी माझा हात दाबला. मला जेवण गेलं नाही.

२६ ऑक्टोबर, दुपार
हंगामाचा पहिला दिवस. आर्डिस परत आली. रायफल टेबलावर आपटली. म्हणाली, नेम खांद्यामागे होता, गोळी पोटात गेली, असं माझ्या हातून कधी झालं नाही. तासन्‌तास थांबून मग मागावर निघाली. रक्त, हिरवं शेण. ओढ्यापलीकडे, कुरणातून, आमच्या मागच्या दारापर्यंत.
गॉर्डी हसला. कॉफीला आला असेल म्हणाला, आणि बघायला मागे गेला.

दोन वाजले
गॉर्डी आला नाही. हाका मारल्या. त्या चिंधीचाच वास, आता दुकानभर. आर्डिस पुढच्या दारात उभी, आत यायला तयार नाही—

हातांना काहीतरी काम हवं. नळी पुन्हा पुसली. चिंधीवर तांबडे केस. जाड, कुरळे. कॉफीचा वास—

चिठ्ठी अजून दस्त्याला लटकतेय. सही माझी. नापास लिहायला हवं होतं, मला माहीत होतं—

आर्डिस सांगतेय, हलू नकोस. रक्ताचा माग दारात संपलेला नाही म्हणते. मागच्या दारातून आत, शेगडीला वळसा घालून, माझ्या खुर्चीच्या—