आईची पाचवी जोडी

सोलापूर,
७ नोव्हेंबर १९७६

चि. यशवंत यास आक्काचे अनेक उत्तम आशीर्वाद.

हे पत्र तुझे दाजी हातोहात देतील. त्यांच्या थर्मासात चहा नाही, आईच्या हाडातला मगज आहे. तेव्हा आधी तो तुझ्या प्रयोगशाळेत पोचव आणि मगच पुढचं वाच. गाडीत कुणी चहा मागितला तर काय सांगायचं, याचाच तुझ्या दाजींना मोठा घोर पडला होता.

पहिल्या बाळंतपणाला माहेरी आले ती काय लाड करून घ्यायला, आणि इथं आईलाच धरून मोरीपर्यंत न्यावं लागतंय. चेहरा पिठासारखा पांढरा झालाय. चादरीच्या कारखान्यात सुताच्या कांड्या भरायला जाते म्हणून अजून हट्ट करते, पण जिना उतरेपर्यंत धाप लागते. लोहाच्या गोळ्या झाल्या, इंजेक्शनं झाली, शेजारच्या रत्नम्मानं बीट आणून आणून घरात ढीग घातला. रक्त काही वाढत नाही. दवाखान्यातल्या डॉक्टरांनी मला बाजूला घेऊन सांगितलं की रक्ताचा कर्करोग असावा. मी आईला बोलले नाही, पण तिनं काल माझ्यासाठी ठेवलेलं लुगडं काढून दिलं आणि बाळाचं तोंड बघायला मिळालं तर बरं, असं म्हणाली. मला तिच्यासमोर रडताही येईना.

तू म्हणालास की मगज पाठव, बघतो. बघ बाबा, काय ते लवकर बघ. सोबत शेंगांची चटणी आहे, ती मात्र काचेखाली घालू नकोस.

आहे ती माया असू दे.
तुझी आक्का,
चांगुणा


मुंबई,
२० नोव्हेंबर १९७६

ती. आक्काच्या चरणी सा. न. वि. वि.

आक्का, आधी खाली बस. बसलीस? ज्या कर्करोगाची डॉक्टरांना भीती होती, तो हा नव्हे!

नीट सांगतो. आपल्या प्रत्येक पेशीत गुणसूत्रं असतात, तेवीस जोड्या. आमच्याकडे त्यांना रंग देऊन सूक्ष्मदर्शकातून फोटो काढतात, मग तो मोठा करून एकेक गुणसूत्र कात्रीनं कापायचं आणि उंचीप्रमाणे जोड्या लावून कागदावर चिकटवायचं. त्यांच्यावर पट्टे असतात, आपल्या चादरीवर असतात तसे. मी आईच्या जोड्या लावत होतो आणि पाचवी जोडी काही केल्या जमेना. एक गुणसूत्र उंच, दुसरं बुटकं! मला वाटलं कात्री चुकली. आमच्या प्रयोगशाळेच्या प्रमुख बाईंनी माझ्याकडून दुसऱ्या पेशीचा फोटो कापून घेतला, मग तिसऱ्या, मग चौथ्या. दर खेपेला पाचव्यातलाच एक बुटका, मधला तुकडाच गायब. बाई खुर्चीवरून उठल्याच. दोन वर्षांपूर्वी परदेशातल्या डॉक्टरांनी अगदी हाच प्रकार लिहिला आहे, तो अंक त्यांनी कपाटातून काढून माझ्यासमोर आपटला. थकलेल्या, पांढऱ्या पडलेल्या, बहुतेक उतारवयाच्या बायका, आणि त्यांच्या मगजातलं पाचवं गुणसूत्र अपुरं. आक्का, यातल्या कितीतरी बायका वर्षानुवर्षं जगतात! लोहाचा उपयोग नाही, कारण लोह कमी नाहीच, रक्त बनवणारा कारखानाच मंद झालाय. मधून मधून दुसऱ्याचं रक्त भरत राहायचं, बस्स.

खात्री कुणालाच देता येत नाही, असं बाई म्हणतात. पण त्याच हसत होत्या. आणि घाबरू नकोस, हे बाळाकडे जाणारं नाही. आईच्या मगजातच कधीतरी हे घडलंय.

डॉक्टरांना वेगळी चिठ्ठी जोडली आहे. आजच द्या. दाजींना दंडवत, चटणी संपली हेही सांग.

तुझ्या मायेचा भुकेला,
यशवंत


सोलापूर,
२६ नोव्हेंबर १९७६

चि. यशवंत यास अ. उ. आ.

तुझं पत्र वाचलं आणि मी पोटासकट उडीच मारणार होते, रत्नम्मानं धरलं म्हणून बरं. तिनं गल्लीभर साखर वाटली. कशाची म्हणून कुणी विचारलं तर पाचव्या जोडीची म्हणून सांगत सुटली, लोकांना वाटलं मला पाचवं मूल होतंय. आई हसून हसून दमली. एक बुटका आपल्या घरात कधीपासून राहतोय आणि भाडंही देत नाही, असं म्हणाली.

पण बाबा, गाडी अडलीय. आईचा रक्तगट बी निगेटिव्ह निघाला. रक्तपेढीत एक बाटली नाही. तुझं-माझं जुळत नाही, आणि मी तर अशी अवघडलेली. तेवढ्यात तुझ्या दाजींनी खिशातून रेल्वेचं कार्ड काढलं. वर्कशॉपमध्ये हात कापला होता तेव्हा तपासलेला गट त्यावर लिहिलेला. बी निगेटिव्ह! मी देव्हाऱ्यापुढं नारळ ठेवला.

आणि आईनं नाही म्हटलं. तुला ठाऊक आहे ना, लेकीला मूल होईपर्यंत तिच्या घरचं पाणी पीत नाहीत. चार वर्षांत ती कुर्डुवाडीला माझ्या घरी येताना आपला फिरकीच्या झाकणाचा तांब्या भरून आणते आणि रिकामा घेऊन जाते. ज्या घरचं पाणी घेतलं नाही त्या घरचं रक्त कसं घेऊ, असं तिचं म्हणणं. मी रागावले, रडले, जेवले नाही. हे आजही बाही वर सरकवून बसलेत. डॉक्टर सांगतात की रक्त चारावर आलंय, आठवडाभरात भरलं नाही तर हृदय थांबेल. बाळाला अजून दीड महिना आहे.

तूच काहीतरी लिही. तुझं ती ऐकते.

जीव टांगणीला लागलेली,
आक्का


मुंबई,
२९ नोव्हेंबर १९७६

ती. आईस शि. सा. न. वि. वि.

आक्का, हे आईला मोठ्यानं वाचून दाखव.

आई, तुला एक गंमत सांगतो, ऐकून थक्क होशील. रक्तातली लाल पेशी मगजातून बाहेर पडण्याआधी आपली सगळी गुणसूत्रं टाकून देते! तिच्यात ना कूळ, ना घराणं, ना सासर, ना माहेर. ती फक्त छातीतली हवा वाहते. तेव्हा दाजींच्या बाटलीत कुर्डुवाडीचं घर येतच नाही. ते रक्त कुणाचंच नसतं. मग कुणाचा नियम मोडला? उगीच हट्ट करू नकोस. मला आई पाहिजे आहे, एवढंच.

(आक्का, पुढचं मोठ्यानं वाचू नकोस. पांढऱ्या पेशीत मात्र गुणसूत्रं असतात. पण तिला पेशीचा रंग विचारू देऊ नकोस.)

वाट बघतोय, तारेनं कळवा.
तुझ्याच मायेवर वाढलेला,
यशवंत


सोलापूर,
१२ डिसेंबर १९७६

चि. यशवंतास आईचा लई लई आशीर्वाद.

(तार पोचलीच असेल. आता आई सांगते तसंच लिहिते आहे, एक अक्षर बदललं तर मला रट्टा बसेल. चां.)

लेका, तुजं पत्र चांगुणानं वाचून दावलं. कंसातलं बी वाचलं, तिला कुटं थांबायचं कळतंय! तुमी दोगं मला येडी समजता व्हय?

तुजं ते लाल पेशीचं मला न्हाई पटलं. पत्र वाचताना जावई दारातच हुते. त्यांचं रगत कुणाचंच न्हाई म्हनल्यावर त्येंचं तोंड उतरलं. बिचारा आईविना वाढलेला. सुट्टी टाकून रोज बाही वर करून बसायचा, आनि तू त्याचं देनंच पुसून टाकलंस की रं! मला लई राग आला तुजा. ज्याचं कुनीच न्हाई असलं रगत माझ्या अंगात कशापायी? मला आपल्या मानसाचंच पायजे. मी तवाच उठले, चप्पल घातली, आनि त्येंना सांगितलं की चला, घेते, पर तुमचंच म्हनून घेते. हुंदकाच फुटला त्येंना. चांगुणा बी रडाय लागली. रत्नम्मा तेलगूत काय वरडत हुती कुनास ठाव.

एक बाटली जावयाची. दुसरी त्येंच्या वर्कशॉपातल्या दोस्ताची, त्यो जावयानंच सगळ्यांची कार्डं बघून हुडकून आनला. आता जिना चढताना बोलता बी येतंय. डॉक्टर म्हनतात, दर काही आठवड्यांनी यायचं. यीन की. तुज्या बाईंना सांग, बुटक्याला ऱ्हाऊ दे, आता माजी काय तक्रार न्हाई.

परवा सुक्रवारी जावयासंगं कुर्डुवाडीला गेले. डॉक्टर नको म्हनत हुते, पर मी ऐकते व्हय! तांब्या हितंच फळीवर ठिवला. नातवंड यायचंय अजून, यील त्येच्या येळंला. पर रगत घेतल्यावर पान्याला न्हाई म्हनायला मला लाज वाटली. पयल्यांदा लेकीच्या माठातलं पानी मागितलं. जावयानं गडू घासूनपुसून दोनी हातांनी दिला.

चार वरसं ज्याला नगं म्हनत हुते, ते पानी मचूळ निघालं, यशवंता. तरी दोन गडू प्याले.

अशीच माया धरून ऱ्हावा.
तुजी आई,
सोजरबाई