नऊ-वीस ते एक-चाळीस

३ फेब्रुवारी

सापडला चोर! सर्चमध्ये 'घड्याळ दुरुस्ती' टाकलं, तर सगळ्यात वर बाबांचं दुकान. वेळ — सकाळी ९.२० ते १.४०. असली वेळ जगात कुठल्याच दुकानाची नसते. ती माझ्या डोक्यातली. दुकान बंद होऊन चार वर्षं झालीत!

बारा वर्षं शहर पायी तुडवून एकेक दुकान साइटवर चढवतोय. कोण कधी उघडतं, कोण जेवायला कधी जातं, कुठला फोन खरंच लागतो. आणि ही सर्चवाली मोठी कंपनी सगळं आयतं उचलते, आपलं उत्तर म्हणून वर दाखवते. माझ्या साइटवर कुत्रंही फिरकत नाही. म्हणून गेल्या वर्षी चोरी पकडायला यादीत एक खोटी नोंद घुसवली. पत्ता खरा लागतो, नाहीतर त्यांचं यंत्र नोंद गाळून टाकतं. बाबांचं शटर कायमचं खाली, कुणाचं काय बिघडणार? तोच पत्ता दिला.

५ फेब्रुवारी

वकीलबाई खूश, कंपनीवरच्या खटल्याला पुरावा मिळाला. फक्त दुकानमालकाचं लेखी हवं म्हणाल्या — दुकान बंद आहे, तिथे काम होत नाही. म्हटलं, मालक घरचाच आहे, उद्या आणतो. दाखवतोच आता एकेकाला.

६ फेब्रुवारी

बाबा घरी नाहीत. "दुकानात गेलेत," ताई म्हणाली, जशी काही रोजचीच गोष्ट.

रोजचीच होती. शटर वर. डोळ्याला भिंग लावून बाबा कुणाच्या तरी घड्याळात डोकं घालून बसलेले. बाकावर तीन माणसं. दोन महिने हे चाललंय आणि मला पत्ता नाही! लोक शटर ठोठावून कंटाळले, मग विचारत विचारत घरापर्यंत आले. शेवटी बाबांनी किल्ली शोधली. नऊ-वीसला उघडतात, एक-चाळीसला बंद करतात.

"इंटरनेटवर हीच वेळ आहे म्हणतात," बाबा म्हणाले. "दिलेली वेळ पाळायला नको?"

लेखी घ्यायला नेलेला कागद खिशातच राहिला.

९ फेब्रुवारी

ताईने झाप झाप झापलं. चार वर्षं भिंतीकडे बघत बसायचे, आता दोन घास जास्त जेवतात, रात्री झोपतात. तुझ्या साइटपायी त्यांना परत घरी बसवणार का? म्हटलं, मग मी काय माती खाऊ? बारा वर्षांची मेहनत आहे माझी. त्यावर ती बाबांचं ताट वाढायला उठली.

१० फेब्रुवारी

आज साइटवर एकोणीस माणसं. त्यातला एक मीच.

१२ फेब्रुवारी

सांगून टाकलं बाबांना. खोटी नोंद, चोरी, खटला, सगळं. ऐकता ऐकता ते बारके स्क्रू डबीत टाकत होते. चिडले असते तर मीही चिडलो असतो, मोकळं झालं असतं.

"म्हणजे हे लोक चुकून येतात," एवढंच म्हणाले.

काउंटरवरच दोन्ही कोपरं टेकून कागद लिहिला, बराच वेळ लिहिला. पाकीट चिकटवून हातात दिलं. राहिलेली घड्याळं ताईबरोबर ज्याची त्याला पोचवतो म्हणाले. शटर ओढायला मी हात लावला, तर नको म्हणाले. जड आहे ते. दोनदा थांबावं लागलं त्यांना.

पाकीट तसंच वकीलबाईंकडे दिलं. जिंकलो म्हणायचं.

१४ फेब्रुवारी

वकीलबाईंचा फोन. सही आहे, मजकूर हवा तसा आहे, पण खाली ही जादा ओळ कशाला? मग वाचून दाखवली —

"दुकान चालू होतं तेव्हा मुलाच्या यादीत नव्हतं. बंद झाल्यावर आलं."

दुकान चालू होतं त्या आठ वर्षांचे साइटचे सगळे बॅकअप काढून पाहिले. शेजारचा शिंपी आहे, किल्लीवाला आहे, समोरचं सलून दोनदा आहे. बाबांचं नाही.