कातरलेला कान

२४ सप्टेंबर
ज्या देशात माणसाला उजेडात मोजे शोधता येत नाहीत, त्या देशाला सुसंस्कृत म्हणावं का, हा प्रश्न मी आज गंभीरपणे मांडतो. माझ्या खोलीची खिडकी खिळे ठोकून बंद केलेली आहे. वीस वर्षं रोमन शेतकऱ्यांच्या उकिरड्यातली हाडं मोजलेला मी, वय सत्तेचाळीस, आज एक निळा आणि एक तपकिरी मोजा घालून उत्खननावर गेलो. तक्रार केली तर घरमालकीण उर्शामावशी म्हणाल्या, अहो डॉक्टर, इथं लोक झोपायला येतात, पायांचं प्रदर्शन मांडायला नाही.

बाकी बुकोव्ये झकास गाव. बीच वृक्षांचं रान थेट दारापर्यंत, आणि खालच्या शेतात आमची रोमन वाडी. पहिल्याच दिवशी मातीत एक रांजण दिसला, पोल्ह पोसायचा. पोल्ह म्हणजे झाडावरचा, झुपकेदार शेपटीचा उंदीर. रोमन लोक त्याला अंधाऱ्या रांजणात कोंडून, अक्रोड चारून फुगवत आणि मग खात. त्याला फिरायला आतल्या भिंतीवर चढती कडा, श्वासाला चार भोकं. बुकोव्येकर आजही पोल्ह धरून खातात. दोन हजार वर्षांत फक्त रांजण सुटला.

२७ सप्टेंबर
सकाळी मावशींचा भाऊ लोव्रो सापळे उघडायला मला रानात घेऊन गेला. अकरा पोल्ह मिळाले. पोटावर बोट दाबलं की पिवळी चरबी कातडीखाली सरकते. सगळ्यात लठ्ठ होता त्याच्या डाव्या कानाचा तुकडा कात्रीनं काढावा तसा तिकोनी कातरलेला. लोव्रो म्हणाला, हा सोडा, हा गुराख्याचा. रानात म्हणे एक काळा गुराखी पोल्हांचे कळप राखतो आणि आपल्या जनावरांचे कान कातरतो. तसला सापडला की गाव मुकाट्यानं सोडून देतं. मी विचारलं, गुराख्यानं पशुगणनेत नाव नोंदवलंय का? लोव्रो पुढच्या सापळ्याकडे वळला. मला नमुन्यासाठी मोठा जबडा हवा होता. पोल्ह पिशवीत टाकला.

हाडं मोकळी करायची तर उकळावं लागतं. मावशी हात लावेनात, म्हणून मीच उकळला. वास, कबूल करतो, बरा होता. मांस टाकवेना. खाल्लं. मावशींनी ते पातेलं परसात पुरलं. काय ही नाटकं!

१ ऑक्टोबर
भूक आवरत नाही. मावशींच्या डुकराच्या चरबीचा डबा मी उभ्या उभ्या बोटांनी पुसून काढला. मावशी म्हणाल्या, डॉक्टर, पोटात कोण बसवलंय?

रोज सकाळी उशाशी अक्रोड असतात. सोललेले, ओले, कुणीतरी चावून मऊ केलेले. त्यांवर लाळेची तार लोंबते. मावशी शपथेवर सांगतात, त्यांनी ठेवलेले नाहीत. दाराला आतून कडी. खिडकीला खिळे.
ओकारी येते. मग खातो.

५ ऑक्टोबर
पट्टा बसत नाही. बोट टेकवीन तिथं या वहीचा कागद तेलकट, आरपार दिसणारा होतो.

आज रांजण तळापर्यंत रिकामा केला. खाली काळी चिकट साय, दोन हजार वर्षांत न वाळलेली. तिच्यात पोल्हांचे एकेचाळीस जबडे. आणि माणसाची एक कवटी. रांजणाचं तोंड जेमतेम चार बोटं रुंद. कवटी त्यातून जाणं शक्यच नाही. आत गेल्यावर वाढली असेल तरच—

लोव्रोला दाखवली. त्यानं पाहिलीही नाही. म्हणाला, गुराख्याचं एक खाल्लं की एक द्यावं लागतं, पहिल्या बर्फाच्या आत. विचारलं, बदली दुसरा पोल्ह रानात सोडला तर? म्हणाला, त्या पोल्हानं कुठं काय खाल्लंय, डॉक्टर? जो खातो तोच भरतो.
उद्याच्या बसनं राजधानी ल्युब्लियाना गाठतो.

८ ऑक्टोबर
दोन दिवस झोपलो. बस गेली. दाढी करताना दिसलं, डाव्या कानाला तिकोनी खाच. रक्त नाही, जुन्या जखमेसारखी भरलेली.
पोटावर बोट दाबून पाहिलं. पिवळं काहीतरी सरकलं.

१० ऑक्टोबर
दारातून जात नाही. मी. दार आहे तेवढंच आहे.
बाहेरून मावशी रडतायत. म्हणतात, डॉक्टर, ते अक्रोड खाऊ नका हो, तोंड मिटून ठेवा, लोव्रो कुऱ्हाड आणतोय, भिंत फोडू. हो म्हणायचं होतं. तोंड भरलेलं होतं—

१२ ऑक्टोबर
कुऱ्हाडीचा आवाज. भिंत जाड. झोप—
हातांवर करडी लव. चाटली. तूपट.

१३ ऑक्टोबर
बर्फाचा वास. रानात शीळ. कुऱ्हाड थांबली.
खिडकीचे खिळे एकेक करून खाली पडतायत. मोजले, सहा.
उजेड आला. दुसरा निळा मोजा पलंगाखालीच होता.
त्या खाल्लेल्या पोल्हाचा जबडा खिडकीच्या चौकटीवर ठेवला. तेवढ्यानं भागणार नाही, माहीत आहे. एकाला एक. घासाघीस करत नाही.
खिडकी दाराहून लहान आहे. तरी मावेन असं वाटतं. कळप आता पुरा हो—