आमच्या गच्चीवरचं वर्षावन

१ जानेवारी. सकाळी ९.१०
संकल्प: रोज सकाळी साडेसहाला गच्चीवर. थर्मामीटर आणि पर्जन्यमापक वाचणार. वर्षभर, एकही दिवस न चुकता. तापमान किती आणि पाऊस किती, एवढे दोन आकडे हातात आले की तिथं जंगल, गवत की वाळवंट हे ओळखता येतं. बायोम ओळखणं म्हणतात याला. सव्वीस वर्षं मुलांना शिकवतोय, पण पुस्तकातल्या आकड्यांवर. नकाशात आमच्या गावाला ‘गवताळ प्रदेश’ म्हटलंय. कुणी मोजलं होतं?
बारा महिने पुरे झाले की शाळेत प्रदर्शन. ते बघून मुख्याध्यापिका भूगोलाचा विभागप्रमुख नेमणार. दुसरी उमेदवार नवीन बाई. तिला मीच तयार केलंय, त्यामुळे काळजी नाही.
आज उठायला जरा उशीर झाला. आजचा दिवस धरत नाही.

९ जानेवारी
विचारांती ठरवलं: आकडा वाचणारा वेगळा आणि निष्कर्ष काढणारा वेगळा हवा. शास्त्राची तशी शिस्तच आहे. वाचन हिच्याकडे सोपवलं. नाहीतरी ही साडेपाचला उठते. मी आठला उठून निष्कर्ष काढतो.

२० फेब्रुवारी
सलग तेविसावा दिवस शून्य. डोकं फिरलं. चहा पाणचट. कन्येला विचारलं, आठवीत गेलीस तरी अक्षर असं कसं? ती रडत शाळेत गेली. सासरेबुवांना रेडिओ बंद करायला लावला. (ते आमच्याकडेच असतात. रेडिओही असतो.) अशा घरात संशोधन कसं व्हायचं?

३ मार्च
पाऊस! रात्रभर! बारा मिलिमीटर! सगळ्यांसाठी चहा मी केला. कन्येचं गणित घेतलं, आवाज न चढवता. सासरेबुवांबरोबर बातम्या ऐकल्या. ही म्हणाली, रोज पडायला हवा हो हा पाऊस. हिलाही विषयाची गोडी लागली तर!

१७ एप्रिल
पुन्हा बारा. या महिन्यातला नववा पाऊस. नऊच्या नऊ पहाटेचे, मी उठायच्या आत पडून गेलेले. गच्ची कोरडी ठणठणीत. क्षणभर शंका आली, पण लगेच उलगडा झाला: ऊन चढलं की वाफ होऊन जातं. आठ वाजता काय राहणार? कन्येने सहलीचा कागद पुढे केला. मन प्रसन्न होतं, सही केली.

१ जुलै
मेहुणा सहकुटुंब चार दिवस राहून गेला. एरवी हा माणूस मला डोळ्यांसमोर नको असतो. पण चारही दिवस चोवीस-चोवीस मिलिमीटर! त्याला गच्चीवर नेऊन आलेख दाखवले, अगदी गळ्यात हात टाकून. तो हिच्याकडे बघून हसत होता. जळतो, दुसरं काय.

११ सप्टेंबर
बेरीज पंधराशेच्या वर, वर्षाअखेर दोन हजार ओलांडणार. सरासरी तापमान सव्वीस. आलेखातला ठिपका थेट वर्षावनात! आता नकाशे बदलावे लागणार, बसा म्हणावं. कन्येला सांगून ठेवलं: परीक्षेत विचारलं तर बिनधास्त वर्षावन लिही. बापाने मोजलंय.
नवीन बाईला मोठ्या मनाने बातमी दिली. म्हणाली, सर, शाळेच्या मापकात एवढा दिसत नाही. मी नुसता हसलो. तिला अनुभव कमी.

४ जानेवारी. संध्याकाळ
विश्वासघात!
प्रदर्शनात माझ्या तक्त्यावर: वर्षाचा पाऊस २१०४ मिलिमीटर, वर्षावन. शेजारच्या टेबलावर नवीन बाईचा तक्ता: ६४०, गवताळ प्रदेश. आमची गच्ची आणि शाळा यांत अंतर अर्धा किलोमीटर. मुख्याध्यापिका दोन्हींकडे आळीपाळीने बघत राहिल्या. मग म्हणाल्या, सर, वर्षावन तुमच्या गल्लीच्या तोंडाशीच संपतं का? पोरं फिदीफिदी हसली.
विभागप्रमुख: नवीन बाई. मापक वाचायला तिला शिकवलं कुणी? मी! अस्तनीतला निखारा निघाली.

५ जानेवारी
मापकात कुणीतरी पाणी ओतत होतं. संशयित: नवीन बाई (पण ती गच्चीवर चढणार कशी?), मेहुणा, सासरेबुवा (कुंड्यांना पाणी तेच घालतात). जेवताना सगळ्यांसमोर विषय काढला. सासरेबुवांनी रेडिओचा आवाज वाढवला. ही शांतपणे म्हणाली, मीच ओतत होते.
का, विचारलं. म्हणाली, पाऊस पडला की तुम्ही माणसात असता.
म्हणजे निखारे दोन, बाहेर एक आणि घरात एक! सव्वीस वर्षांची अब्रू मातीत गेली आणि ही भात वाढत होती. म्हणालो, असं किती दिवस चाललंय? हिने उठून एक वही आणून ताटाशेजारी ठेवली.

६ जानेवारी
वही वाचली. तारीख, कप, कारण. एकूण एकशे बावीस कप. आमचा एक कप म्हणजे मापकात बारा मिलिमीटर. दोन हजार एकशे चारातून वजा केले. उरले सहाशे चाळीस. तीनदा करून पाहिलं, उत्तर नवीन बाईचंच येतंय.
कारणं: ‘दादा यायचाय, दोन कप.’ ‘सहलीची सही.’ ‘बाबांचा चष्मा फुटला, यांना सांगायचंय.’ पण बहुतेक पानांवर नुसतं: ‘आज घर शांत असावं.’
मी काय रोज ओरडतो? हे जरा मोठ्याने विचारलं गेलं.

१९ जानेवारी. सकाळी ७.१५
साडेसहाला स्वतः उठलो. वर्षात पहिल्यांदा. मापकात शून्य.
खाली आलो. ही ओट्यापाशी, पाठमोरी. दोन आठवडे कामापुरतंच बोलते. न वळता हिने विचारलं, किती? म्हणालो, बारा.
हिने खिडकीतून बाहेरचा कोरडा रस्ता पाहिला. मग मला. मग कन्येला हाक मारली: आण गं ते, आज पडलाय.
कन्येने भूगोलाचा पेपर आणला. डिसेंबरच्या परीक्षेचा, आठवडाभर दप्तरात लपवलेला. प्रश्न: आपले गाव कोणत्या बायोममध्ये मोडते? सकारण लिहा. गुण पाच. तिने लिहिलं होतं: वर्षावन, कारण माझ्या बाबांनी मोजलंय. खाली नवीन बाईची लाल रेघ आणि शून्य. वर्गात सगळे हसले, कन्या म्हणाली. मग म्हणाली, पण बाबा, मी खोडलं नाही.
कन्येकडूनच पेन घेतलं. पालकांची सही असं लिहिलं होतं, तिथे सही केली.